वाचून न दाखवलेली ओळ

हौसाबाई,

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. उद्या बुधवार, आपल्या मिटिंगचा दिवस. सिस्टरनी निरोप पाठवला आहे की, "रायटर, हौसाबाईंवर चार शब्द लिहून आणा आणि सगळ्यांसमोर वाचा." त्यानुसार मी सकाळपासून कागद घेऊन बसलो आहे.

मुरबाडच्या कचेरीच्या आवारात टेबल मांडून मला तेवीस वर्षे झाली. मृत्यूच्या दाखल्यासाठी, वारसांच्या नोंदीसाठी, विधवांच्या पगारासाठी मी किती अर्ज लिहिले याची गणती नाही. मयत व्यक्तीविषयी लिहिणे माझ्या हाताला नवीन नाही. मयत व्यक्तीला उद्देशून लिहिण्याचा प्रसंग मात्र यापूर्वी आला नव्हता. अर्जाच्या वर ज्याचे नाव घालायचे त्याच्या हातात काहीतरी करण्याचे असावे लागते. तुमच्या हातात आता काही नाही. तरीही वर तुमचेच नाव घातले आहे.

मुख्य मुद्दा आधी लिहावा हा माझा शिरस्ता आहे. तो असा की, तुमच्या वहीतील शेवटची नोंद मी चुकीची लिहिली. तुम्ही सांगितले ते लिहिले नाही. जे लिहिले त्याच्या खाली 'वाचून दाखविले, मान्य आहे' असे लिहून तुमचा अंगठा घेतला. वाचून दाखविले नव्हते. ही गोष्ट सिस्टरना ठाऊक नाही. तुमच्या सुनेला, सुनंदाला, ठाऊक नाही. वही या क्षणी माझ्या टेबलावर आहे आणि उद्या ती सिस्टरना परत करावयाची आहे.

उद्याच्या बैठकीत काही नवीन माणसे असतील, म्हणून आपली गाठ कशी पडली तेही नमूद करतो. शहापूरच्या एका धर्मादाय रुग्णालयाने, छातीत कळ येणाऱ्या रुग्णांसाठी, दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी मुरबाडला ही मिटिंग सुरू केली त्यास चार वर्षे होत आली. पत्रकावर आजाराचे नाव अँजायना असे छापलेले होते. लोक मात्र तिला 'छातीवाल्यांची मिटिंग' म्हणू लागले. मी पहिल्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. तेथे व्याख्यान असेल आणि शेवटी आभार मानण्याचे काम साहजिकच माझ्याकडे येईल, असा माझा समज होता. प्रत्यक्षात सतरंजीवर वीसेक माणसे मांडी घालून बसली होती आणि सिस्टर, किन्हवलीवरून दोन गाड्या बदलून आलेल्या, पाण्याचा पेला हातात घेऊन सांगत होत्या की, कळ म्हणजे मरण नव्हे. हृदयाला रक्त कमी पडले की ते ओरडते. ते कधी ओरडते हे शिकून घ्या, म्हणजे त्याच्याबरोबर राहता येते.

मग त्यांनी जोड्या लावल्या. ज्याला लिहिता येते त्याने, ज्याला येत नाही त्याच्याबरोबर राहायचे. दर आठवड्याला एकमेकांची चौकशी करायची आणि वहीत लिहायचे की कळ कधी आली, काय करीत असता आली, किती वेळ राहिली, जिभेखाली किती गोळ्या ठेवल्या.

मी उभा राहिलो. म्हणालो, "महोदया, सदर उपक्रम स्तुत्य आहे. तथापि जोड्या लावताना संबंधित व्यक्तीची पात्रता विचारात घेऊन..."

मागून तुमचा आवाज आला. "गो सिस्टर, ह्यो मानूस बोलतो का अर्ज वाचतो?"

सतरंजीवर हशा पिकला. सिस्टरही हसल्या. म्हणाल्या, "झाली जोडी. रायटर आणि हौसाबाई."

तो मला अपमान वाटला, हे आज लिहिण्यास हरकत नाही. तुम्ही वैशाखऱ्याच्या कडेच्या वाडीवरच्या, दुसऱ्यांच्या शेतावर मजुरी करणाऱ्या, अंगठेबहाद्दर. मी सातवीनंतरचे शिक्षण कचेरीच्या आवारात घेतलेला, ज्याच्या मसुद्याला तलाठीदेखील हात लावीत नाहीत असा. कोणी कोणाला शिकवायचे याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

एसटी स्टँडवरून कचेरीकडे येताना जो थोडा चढ लागतो, त्या चढावर माझी कळ येत असे. रस्त्यात थांबणे मला शोभत नव्हते. म्हणून मी भिंतीपाशी जाई आणि तेथे चिकटवलेल्या नोटिसा वाचीत असल्याचे दाखवी. दाब उतरला की पुढे जाई. एके बाजाराच्या दिवशी तुम्ही डोक्यावर मोळी घेऊन मागून आलात आणि मोळी खाली टाकून माझ्या शेजारी उभ्या राहिलात.

"काय वाचता?"

"जाहीर लिलाव आहे. वाचणे माझ्या कामाचा भाग आहे."

"गेल्या बाजारालाबी ह्योच वाचत होतात. कागद फाटाला आला, तुमचं वाचून होत नाय?"

मी पुन्हा नोटिशीकडे पाहू लागलो.

"कळ आली ना?"

"आली."

"मंग बोला ना, आली म्हनून. चोरी केलीव का कोनाची?"

तुम्ही गटाराच्या कठड्यावर बसलात आणि माझा हात ओढून मलाही बसवलेत. त्या रस्त्याने माझी पक्षकार मंडळी जात-येत होती. एकाने थांबून विचारले, "काय रायटर, आज हिकडं कुठं बसलाव?" मी उत्तर जुळवीत होतो तोवर तुम्ही सांगितलेत, "छाती दुखते त्यांची. तुझी नाय ना दुखत? मंग जा पुढं." तो गेला. आकाश कोसळले नाही. दुसऱ्या दिवशी तोच माणूस माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आला आणि टेबलापुढची सतरंजी त्याने स्वतः झटकून दिली.

त्यानंतर मी रस्त्यात उघडपणे थांबू लागलो. सिस्टरनी चार मिटिंगांत जे समजावले, ते मला त्या कठड्यावर समजले. याबद्दल तुमचे आभार मानावयाचे राहिले होते. ते येथे मानतो.

चालण्याचे माप सिस्टरनी विजेच्या खांबांवर ठेवले होते. जेथे कळ येते त्याच्या एक खांब अलीकडे थांबायचे, विसावायचे, मागे फिरायचे, आणि जमेल तसा पंधरवड्याने एक खांब वाढवायचा. तुम्ही माळशेजच्या रस्त्याला चार खांबांनी सुरुवात केलीत आणि वर्षभरात तेरावर गेलात. मी पाचावरून नवावर आलो आणि माझ्या वहीत अकरा लिहिले. तुम्हाला वाचता येत नव्हते, पण मोजता येत होते. एकदा माझ्याबरोबर चाललात आणि मिटिंगमध्ये सिस्टरनी माझे अकरा वाचून दाखवताच माझ्या कानाशी पुटपुटलात, "वरचे दोन कुठून आनले? कचेरीतून मंजूर करून?"

मी त्या वेळी हसलो नव्हतो. आजही हसू येत नाही. परंतु ते वाक्य मला जसेच्या तसे आठवते.

तुमची वही मी नियमाने लिहिली. अंगठ्याची पद्धतही मीच घातली. निरक्षर माणसाचा मजकूर लिहिला की तो त्यास वाचून दाखवावा, 'वाचून दाखविले, मान्य आहे' असे खाली लिहावे, आणि मग अंगठा घ्यावा. या एका ओळीवर आमचा व्यवसाय उभा आहे. ही ओळ खोटी असेल तर वरचा सर्व मजकूर माझा होतो, सांगणाऱ्याचा राहत नाही. ज्यांनी मला हे काम शिकवले त्या वृद्ध गृहस्थांनी पहिल्या दिवशी हेच सांगितले होते. सिस्टरना अंगठ्याची गरज नव्हती. तुम्हालाही नव्हती.

"माझ्या छातीचा सातबारा करताव का?" तुम्ही म्हणायचात. "शाई निघत नाय बोटाची. तांदूळ धुतले तर भात निळा होतो."

तरी अंगठा देत होतात. आणि वाचून दाखवताना मात्र कान देऊन ऐकत होतात. त्यावरूनच आपला तो वाद सुरू झाला, जो मिटला नाही. मी 'छातीत वेदना' असे लिही. तुम्ही म्हणायचात, "वेदना नाय. दाबतं. पाटा ठेवल्यागत दाबतं. तसं लिवा."

"अर्थ एकच आहे."

"एकच हाय तर माझं लिवा. तुमचं कशाला?"

"बोललेले जसेच्या तसे लिहिले तर वाचणाऱ्या साहेबावर छाप पडत नाही, हौसाबाई."

"सिस्टर साहेब हाय का? आणि तिच्यावर छाप पाडून मी काय करू? तिला माझं दुखनं कळलं म्हंजे झालं."

मी तुमचे शब्द सुधारीत राहिलो. पक्षकार येतो तेव्हा त्याचे सांगणे विस्कटलेले असते. एकदा म्हणतो जमीन बापाची, एकदा म्हणतो आज्याची. दोन विसंगत गोष्टी एका अर्जात आल्या की साहेब दोन्ही नाकारतो. म्हणून त्यातली एक काढून, मजकूर एकाच दिशेने चालवून द्यायचा. या हातोटीमुळे अनेकांची कामे झाली आहेत आणि तिचा मला अभिमान होता. तुमच्या वहीतही तुमची कळ दर वेळी चढावर, ओझ्याखाली, श्रम करीत असता येत होती. मजकूर स्वच्छ होता. सिस्टर तुमची वही वर धरून इतरांना दाखवीत, "हे बघा, अशी लिहायची." त्या वेळी तुम्ही माझ्याकडे पाहून डोळे मिचकावीत होतात. मी समोर पाहत असे.

आणखी एक दिवस नमूद करणे भाग आहे. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराच्या घरी एकदा तरी जावे असा सिस्टरचा आग्रह होता. मी दीड वर्ष टाळले. अखेर एका हिवाळ्यात टोकावड्याच्या पुढे जाणाऱ्या जीपमध्ये बसून वैशाखऱ्याला उतरलो. पिशवीत माझ्या पाण्याची बाटली होती. वाडीवरचे पाणी मी पीत नसे आणि ते का, हे आपण दोघेही जाणत होतो. गोळ्यांची कुपी मात्र मुरबाडला राहिली होती. इस्त्रीच्या सदऱ्याच्या खिशात तिचा फुगवटा दिसतो म्हणून मी ती टेबलाच्या खणात काढून ठेवली होती.

वाडीच्या चढावर मला कळ आली. तशी पूर्वी कधी आली नव्हती. डावा हात जड झाला, घाम फुटला, आणि खिशात हात घातल्यावर मला कुपी आठवली. तुम्ही ओट्यावरून पाहिलेत आणि खाली आलात. मी काहीतरी सांगू लागलो. बहुधा 'विशेष काही नाही' असेच.

"बस रे," तुम्ही म्हणालात. "बस तू आधी. बोलू नको."

चार वर्षांत तेवढ्या एका वेळी तुम्ही मला तू म्हणालात. कमरेच्या चंचीतून, सुपारीच्या खांडांतून, तुम्ही तुमची कुपी काढलीत आणि गोळी माझ्या जिभेखाली ठेवलीत. पाच मिनिटांनी दुसरी. दाब उतरेपर्यंत तुम्ही माझ्या पाठीला पाठ लावून बसला होतात, म्हणजे मला टेकता यावे. नंतर तुम्ही तांब्या पुढे केलात आणि मी त्यातले पाणी प्यायलो. माझी बाटली पिशवीतच होती. सुनंदाने तांदळाची भाकरी आणि सुकट दिली, तीही मी खाल्ली. सुकटात मीठ जास्त होते. आपल्या दोघांनाही मीठ वर्ज्य होते.

परत जाताना मी म्हणालो की, हे वहीत लिहावे लागेल. तुम्ही म्हणालात, "नका लिवू. गोळी इसरलात ते वाचून सिस्टर तुमाला वरडंल. सगल्यांसमोर." तुम्ही माझी लाज वहीबाहेर ठेवलीत. मी ठेवू दिली.

आता शेवटची नोंद.

झोडणीचे दिवस होते. मिटिंगच्या आदल्या दिवशी तुम्ही माझ्या टेबलाशी आलात आणि म्हणालात की, उद्या येणे जमणार नाही, शेतावर माणसे कमी आहेत. वही मी न्यावी. तुम्ही सांगाल ते लिहावे आणि सिस्टरना द्यावे. त्या मिटिंगला रुग्णालयाचे मोठे डॉक्टर येणार होते आणि नमुना म्हणून त्यांना तुमची वही दाखवायची, असे सिस्टरनी महिनाभर आधी सांगून ठेवले होते. मी त्यासाठी नवे निब घातले होते. रस्त्यावर वैशाखऱ्याची जीप भरत होती.

"दोन येळा आली," तुम्ही म्हणालात. "एक पानी आनताना, चढावर."

"दुसरी?"

"दुसरी बसल्याबसल्या. तांदूळ निवडत होती."

"त्याआधी कोठून तरी चालून आला असाल."

"नाय. सकाळधरून बसलेली. काय बी करत नव्हती."

"नीट आठवून पाहा. पाण्याची खेप केली नव्हती का?"

"खेप तर रोजच असते."

"मग खेप करून बसला असाल आणि कळ आली असेल."

तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. जीपवाल्याने हाक दिली, "हौसाआजी, चल गो, भरली गाडी!"

"असंन मंग," तुम्ही म्हणालात. "तुमी शिकलेली मानसं. पन मी बसलेली होती ते लिवा."

मी लिहिले: पाण्याच्या खेपा करीत असता चढावर दोन वेळा छातीत वेदना. प्रत्येक वेळी विश्रांतीने व एका गोळीने आराम. खाली लिहिले: वाचून दाखविले, मान्य आहे. शाईचे पॅड पुढे केले. तुम्ही अंगठा उमटवलात, पदराला पुसलात, आणि गाडीकडे गेलात. चढत्या गर्दीतून तुम्ही हात वर केलात की आणखी कोणी, हे मला निश्चित सांगता येत नाही.

मला नियम ठाऊक नव्हता असे कोणी समजू नये. उन्हाळ्यात सिस्टरनी पत्रक आणले होते. विसाव्याच्या वेळी कळ आली, पूर्वीपेक्षा कमी श्रमात आली, किंवा वारंवार येऊ लागली, तर पुढील मिटिंगची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात यावे. ते पत्रक सर्वांसमोर मीच वाचले होते. तुम्ही खिडकीपाशी बसला होतात. बाहेर पडताना मला म्हणालात, "आवाज लई चांगला लागला तुमचा. काय व्हतं त्यात?" मी म्हणालो, पुढे केव्हातरी समजावून सांगतो. ते केव्हातरी आले नाही.

नियम ठाऊक असता मी तसे का लिहिले, याचा विचार मी बारा दिवस केला आहे. माझे उत्तर असे की, तुमची आठवण चुकत आहे असे मला वाटले, कारण सांगणाऱ्याची आठवण चुकते असे मला नेहमीच वाटते. दुसरे असे की, बसल्या जागी आलेली कळ आधीच्या नोंदींशी जुळत नव्हती आणि दुसऱ्या दिवशी वही मोठ्या डॉक्टरांच्या हातात जायची होती. यांपैकी कोणते कारण पहिले आणि कोणते दुसरे, हे मी अदलाबदल करून पाहिले. दोन्ही प्रकारे मजकूर तोच राहतो.

मोठ्या डॉक्टरांनी वही चाळली आणि "सुवाच्य आहे" असे म्हटले. सिस्टरनी शेवटचे पान पाहिले. "चढावर येणारच. त्याच गोळ्या चालू ठेवायला सांगा. बऱ्या आहेत ना हौसाबाई?" मी म्हणालो, "उत्तम आहेत." वही मी जीपवाल्याच्या हाती तुमच्याकडे परत पाठवली. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत तुमची चौकशी करणे माझ्याकडे होते. मी केली नाही. कामाची गर्दी होती.

सोळाव्या दिवशी जीपवाला टेबलाशी येऊन उभा राहिला. "रायटर, हौसाआजी वारली." मी विचारले, "केव्हा?" तो म्हणाला, सकाळी. माझ्या हातात उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज होता. तो मी पूर्ण केला. पक्षकाराला वाचून दाखवला. नंतर त्या अर्जाची स्थळप्रत पुन्हा पाहिली. तिच्यात एकही खाडाखोड नाही.

वाडीचा चढ मी कोठेही न थांबता चढलो. कळ आली नाही. मनाला धक्का बसला तरी कळ येते, असे सिस्टर सांगत, म्हणून मी ओट्याखाली उभा राहून तिची वाट पाहिली. आजतागायत ती आलेली नाही. खांब मोजत चालतो, नऊ होतात, दहा होतात, छातीत काहीच होत नाही. रडूही आलेले नाही. दहाव्याला लोक माझ्याकडे पाहत होते, तेव्हा मी रुमाल काढला आणि घडी घालून पुन्हा ठेवला.

सुनंदाने मला तुमची वही आणून दिली. माझ्या विचारण्याची वाट न पाहता ती सांगू लागली.

"काय करत नव्हती ओ भाऊ. ओट्यावर बसलेली. म्होरं सूप. मला बोलली, आली गो. गोळी ठेवली जिभंखाली. पाच मिंटांनी दुसरी ठेवली, सिस्टरनी सांगितलं तसं. मी गाडी थांबवायला रस्त्याला पळाली. येऊन बघते तं तिसरी हातातच."

मी विचारले, "यापूर्वी अशी बसून आली होती का?"

"मंग! पंधरा-वीस दिस झाले, बसून येत होती. मी बोलली, आत्या, शहापूरला जाऊ. तर नाय ऐकली. बोलायची, मी रायटरला सांगितलंय, त्यांनी लिवलंय, सिस्टरनी वाचलंय. काय भ्यायचं असतं तर सांगावा आला असता."

मी पाणी मागितले. तिने त्याच तांब्यातून दिले.

शहापूरला गेला असतात तर वाचला असतात की नाही, हे मला सांगता येत नाही. ते सिस्टर सांगतील, किंवा सांगणार नाहीत. मला एवढेच सांगता येते की, शहापूरला जाण्याचे कारण तुम्ही वेळेवर सांगितले होते आणि ते माझ्या टेबलापर्यंत पोहोचून तेथे थांबले.

खाडाखोडीचा आमच्यात नियम आहे. चुकलेली ओळ एकच रेघ ओढून खोडावी, ती गिरवून काळी करू नये, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे. बरोबर मजकूर तिच्या शेजारी लिहावा आणि समासात लिहिणाराने सही करावी. आज दुपारी मी तसे केले. 'वाचून दाखविले, मान्य आहे' हीदेखील ओळ खोडली. तुमचा अंगठा तेथे आहे, त्याला हात लावला नाही. तो ज्या मजकुरासाठी तुम्ही दिला होता, तो मजकूर आता त्याच्या वर आला आहे. माझ्या वहीतही दोन दुरुस्त्या केल्या आहेत. अकरा खांब खोडून नऊ केले आहेत, आणि हिवाळ्यातल्या त्या दिवसाची नोंद, कुपी खणात राहिल्यासह, लिहिली आहे. सिस्टर वरडतील. वरडू द्या.

उद्या हा कागद मी सतरंजीवर बसून वाचीन, उभा राहणार नाही. सुनंदाला बोलावले आहे, ती येईल असे वाटते. वाचून झाल्यावर दोन्ही वह्या सिस्टरकडे देईन. यापुढे मला कोणाच्या जोडीला बसवावे की न बसवावे, हे त्यांनी आणि बसलेल्यांनी ठरवावे. त्याबाबत माझी काही विनंती नाही.

मात्र दुरुस्त केलेला मजकूर आधी तुम्हाला ऐकवावा लागतो. कचेरी सुटली आहे, आवारात कोणी नाही, आणि मी नेहमीच्या आवाजात वाचणार नाही. तुम्ही बोलता तसे वाचतो. कोठे चुकले तर थांबवा.

"दोन येळा आली. एक पानी आनताना, चढावर. दुसरी बसल्याबसल्या. तांदूळ निवडत होती. सकाळधरून बसलेली, काय बी करत नव्हती. पन मी बसलेली होती ते लिवा."